हर्षूसोबत दिलेलं सामान

फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला हर्षूचंच उदाहरण देत होतो. सुरतेच्या डिंडोलीत माझं बॅगांचं दुकान आहे. नवरा-बायको आणि ऑस्ट्रेलियाला निघालेला त्यांचा मुलगा अशी तिघं सकाळपासून एकेक बॅग उघडून, चेन ओढून, खाली ठेवत होती. शेवटी मी मोठी निळी बॅग पालथी केली, तिची चाकं फिरवून दाखवली आणि म्हणालो, "माझी भाची हीच घेऊन गेलीय कॅनडाला. चाक अजून जसंच्या तसं आहे." तेवढ्यात गल्ल्यावरचा मोबाईल वाजला. दाजींचा फोन होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हर्षूचे वडील. आदल्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं, की तिकडं हर्षूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणतात, ती स्टेबल आहे. हा शब्द आमच्या घरात कुणी कधी वापरला नव्हता. दाजींनी त्याचा अर्थ 'धोका टळला' असा लावला आणि आम्ही सगळ्यांनी तोच घट्ट धरून ठेवला. म्हणून तर मी दुकान उघडलं होतं, आणि माझी बहीण देवीपुढं नारळ फोडायला गेली होती. दाजी म्हणाले, "गयी रे सुनील, आपली हर्षू गयी." पुढं नुसता श्वास ऐकू येत होता... मी फोन खाली ठेवला तेव्हा बॅगेची चाकं अजून फिरत होती. बाईंनी विचारलं, "शुं थयुं, भाई?" मी सांगून टाकलं. भाची वारली, कॅनडात. त्या बाईंनी बॅगेवरचा हात तापल्या तव्यावरून काढावा तसा काढला. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "आ बेग नथी जोइती." आणि मुलाला दंडाला धरून पायऱ्या उतरल्या. जाता जाता त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना फसवणार होतो.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो आहे, कारण हर्षू गेल्यावर जो तो तिच्याविषयी बोलताना एखाद्या शांत, सोशीक, देवभोळ्या मुलीबद्दल बोलतो आहे. तशी मुलगी मी कधी पाहिलीच नाही. माझी भाची तोंडाळ होती, हट्टी होती, आणि समोरच्याची नक्कल त्याच्या समोरच करायची. अक्काची, म्हणजे माझ्या बहिणीची, सुरेखाची, ती एकुलती एक. आमचे वडील शिरपूरकडून सुरतेला मागावर काम करायला आले आणि लिंबायतच्या एका खोलीत आम्ही भावंडं वाढलो. अक्का लग्न होऊन डिंडोलीत आली. दाजी पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये रंगखात्यात आहेत, त्यांच्या नखांच्या कडा कायम कुठल्या ना कुठल्या रंगाच्या असतात. अक्का घरी बसून साड्यांना टिकल्या आणि लेस लावते. त्या साड्यांच्या ढिगाऱ्यात हर्षू मोठी झाली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडण निघालं की हिंदी... आणि भांडण तिच्याशी रोज कुणाचं ना कुणाचं निघायचंच.

कॉलेजात असताना ती दुपारची माझ्या दुकानात येऊन बसायची. अभ्यास करते म्हणायची, पण डोळे गिऱ्हाइकावर. एकदा एका जोडप्याला मी लग्नाच्या आहेराची बॅग दाखवत होतो. सौदा जवळजवळ ठरला होता. हर्षूनं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "ही नका घेऊ. हिची मूठ पहिल्याच प्रवासात हातात येते. मामाला माहितीय." गिऱ्हाईक हसलं, मी कसनुसा हसलो, आणि ती परत पुस्तकात. ते लोक गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं, तर म्हणते कशी, "मामा, तू खोटं बोलताना कान खाजवतोस. त्यांना तसंही कळलंच असतं." पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाइकासमोर मी हात खिशात घालून उभा राहायचो. असं तिचं बोलणं. लागायचं, पण नंतर चहा पिताना हसू यायचं.

एवढी बोलकी पोर, पण दुखण्याबद्दल मात्र तोंड उघडायची नाही. शाळेत असताना खेळताना पडून तिचं मनगट मोडलं होतं. दाजींना तेव्हा रातपाळी होती, दिवसा ते झोपायचे, त्यांची झोप मोडू नये म्हणून हिनं हात ओढणीत गुंडाळून ठेवला आणि उजव्याऐवजी डाव्या हातानं जेवायला लागली. रातपाळी संपली तेव्हा कुठं अक्काच्या लक्षात आलं, हात कोपरापर्यंत सुजला होता. हाडाच्या डॉक्टरांनी कौतुक केलं, म्हणाले, मोठी माणसं रडतात हो, हिनं हूं की चूं केलं नाही. ही गोष्ट आमच्या घराण्याचा दागिना होऊन बसली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला अक्का ती सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आमची हर्षू रडत नाही." आम्ही सगळे माना डोलवायचो. हर्षूही ऐकायची, आणि तिची मान ताठ व्हायची. आता वाटतं, पोरीला आम्ही जे काय शिकवलं, त्यात हे एकच ती पूर्ण शिकली.

कॅनडाचं ठरलं आणि खरेदी सुरू झाली. ज्यांच्या घरातून कुणी परदेशी शिकायला गेलेलं नाही, त्यांना ही खरेदी काय असते ते कळायचं नाही. घरात लग्न असल्यासारखं वातावरण असतं, फक्त मांडवात नवरी एकटीच असते. मोबाईलवर शेकडो पोरं-पोरी सांगत असतात, काय न्या, काय नेऊ नका. अक्कानं ते सगळं पाहिलं. टिकल्या लावताना मोबाईल डब्याला टेकवून ठेवायची आणि बघत बसायची. छोटा कुकर घेतला. इंडक्शनवर चालणारं पातेलं घेतलं. तिकडच्या भिंतीत बसेल अशी पिन, उशीचे अभ्रे, सुईदोरा, नेलकटर, नाडी, सेफ्टी पिना, चष्म्याची दुसरी जोडी, काळा मसाला, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, शेंगदाण्याची चटणी. ऐन मे महिन्यात गरम कपड्यांच्या दुकानात गेलो, तर दुकानदार माळ्यावरून गठ्ठे काढताना घामानं निथळत होता. हर्षूनं जाडजूड जॅकेट अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पंख्याखाली उभी राहिली. चेहरा लालबुंद, कपाळावरून धारा. अक्का तिच्याभोवती फिरून पाठीवर, बाह्यांवर थापट्या मारून कापड तपासत होती. "थंडी वाजत नाही ना?" तिनं विचारलं. अख्खं दुकान हसलं. अक्काही हसली, पण जॅकेट घेतलंच. आयुष्यात कधी थंडी न बघितलेल्या बाईनं थंडीसाठी घेतलेलं जॅकेट होतं ते.

सगळ्यात जास्त वेळ गेला औषधांच्या दुकानात. प्रत्येकानं हेच सांगितलं होतं, मोबाईलवरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ज्यांचा पुतण्या तिकडं आहे त्यांनी. तिकडं डॉक्टरकडं नंबर लागता लागत नाही. तिकडं दवाखान्याची पायरी चढलात की घर विकावं लागतं. अँब्युलन्स बोलावलीत तर मेलातच. तेव्हा गोळ्या इथूनच न्या, भरपूर न्या. अक्कानं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली आणि तापाच्या, सर्दीच्या, जुलाबाच्या, पित्ताच्या, अंगदुखीच्या, पोटदुखीच्या गोळ्या घेतल्या. घरी आल्यावर वेगवेगळ्या पिशव्या केल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलं, कशावर कोणती. ते काम करताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. टिकल्या लावताना लावते तसाच, ओठ दाबलेले, जीभ किंचित बाहेर. मुलीच्या अंगावर येऊ शकणारं प्रत्येक दुखणं तिनं आधीच गाठून पिशवीत बांधून ठेवलं होतं, असं तिला वाटत होतं. मलाही वाटलं. मी म्हणालो, "अक्का, आख्खा दवाखाना पाठवतेस की." ती खूश झाली.

निघायच्या दिवशी बॅगा दुकानात आणून काट्याला टांगल्या. वजन जास्त. मग उपसाउपशी. अक्का मसाला परत आत घालायची, हर्षू बाहेर काढायची. हर्षू ओरडली, "माय, मी शिकाले जाई ऱ्हायनू, हॉटेल काढाले नही!" शेवटी पुस्तकं बाहेर राहिली आणि मसाला गेला, जॅकेट अंगावर घालायचं ठरलं, गोळ्यांच्या पिशवीला मात्र कुणी हात लावला नाही. मुंबईच्या विमानतळावर जायला भाड्यानं गाडी ठरवली होती. दाजी बसले, मी बसलो, हर्षू बसली, अक्का बसली, बॅगा काही केल्या डिकीत मावेनात. एक बॅग मागच्या सीटवर घ्यावी लागली, आणि मग जागाच उरली नाही. कुणी काही म्हणायच्या आधी अक्का उतरली. "बॅगा महत्त्वाच्या," म्हणाली. काचेतून हात घालून तिनं हर्षूचा गाल कुस्करला. आईलेकीची शेवटची भेट ती एवढीच. मुलीला निरोप द्यायची आईची जागा सामानानं घेतली होती... तेव्हा तो विनोद वाटला होता. वाटेत हर्षूनंच त्याच्यावर विनोद केले.

तिकडं ती एका लहान गावात राहिली, घराच्या तळघरात, अजून काही मुलींबरोबर. खोलीतली जोडीदारीण होती कृपा, आपल्या कतारगामची, हिरे घासणाऱ्या कारागिराची मुलगी. कॅनडात जाऊन शेजारीण मिळाली ती सुरतेचीच, याचं आम्हाला कोण कौतुक. रविवारी सकाळी माझ्या दुकानात तिचा व्हिडिओ कॉल यायचा, तिच्याकडं तेव्हा रात्र पडलेली असायची. काय कामाला आलं आणि काय नाही, याचा हिशेब ती द्यायची. जॅकेट फुकट गेलं. वारा त्यातून आरपार जायचा, तिनं तिथं कुणाचं तरी जुनं घेतलं आणि आईला कळू देऊ नकोस म्हणून मला बजावलं. बिबड्या विमानातच भुगा झाल्या. सगळ्यात कामाची वस्तू ठरली सांडशी, जी अक्कानं शेवटच्या क्षणी कपड्यांच्या घडीत खुपसली होती. "मामा, आख्ख्या कॅनडात सांडशी नाही रे! हे लोक गरम भांडं हातमोजे घालून उचलतात, बाळंतपण करायला निघाल्यासारखे." आणि गोळ्या? गोळ्यांचं तर दुकानच चालू झालं होतं. घरातल्या सगळ्या मुली काही झालं की हिच्याकडं यायच्या. ही अक्काच्या पिशव्या उघडून, वरचं लिहिलेलं वाचून गोळी द्यायची. मुली तिला डॉक्टरसाहेब म्हणायच्या. अक्काला हे कळलं तेव्हा तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं. कॉलेज करून ती एका गोदामात खोकी भरायचं काम करायची, कधी रजा घेतली नाही, याचाही अभिमान होताच.

दुखणं सुरू झालं त्या पहिल्या दिवशी तिनं आईला फोन केला तो दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि बोलता बोलता म्हणाली, "माय, पोट दुखी ऱ्हायनं." कुठं दुखतंय, तर बेंबीपाशी. अक्का म्हणाली, बाहेरचं काहीतरी खाल्लं असशील, वारा धरला असेल. "गोयी ले आनि पडी ऱ्हाय." हर्षूनं गोळी घेतली, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत दुखायला लागलं, आता उजवीकडं, खाली. उलटी झाली. अक्कानं गोळी बदलून सांगितली, पिशवीवरचं नाव वाचून दाखवायला सांगितलं, म्हणाली, हीच, हीच घे. कृपा मागून म्हणत होती की आपण दवाखान्यात जाऊ, आणि हर्षू तिला उडवून लावत होती. आमच्याकडं ऐकू येत होतं सगळं. अक्काही तिच्याच बाजूनं बोलली. कृपाला म्हणाली, "बेटा, घबराना नहीं, हमारी हर्षू कड़क है." तिसऱ्या दिवशी हर्षूचा स्वतःहून फोन आला. आवाज मोकळा. "माय, दुखनं एकदम थांबनं!" अक्कानं मोबाईल छातीशी धरला. मग म्हणाली, "दख, मी सांगं व्हतं ना." त्या दिवशी अक्कानं गोडाचा शिरा केला होता. मीही खाल्ला.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला समजलं. अपेंडिक्स सुजतं तेव्हा दुखतं. फुटतं तेव्हा थोडा वेळ दुखायचं थांबतं. त्या थोड्या वेळात आम्ही शिरा खात होतो, आणि विष तिच्या पोटात पसरत होतं. मग ताप आला. तापाचीही गोळी होतीच. ताप अंगावर घेऊन ती गोदामात गेली, खोकी भरली, परत आली, आणि सकाळी उठेचना. कृपानं अँब्युलन्स बोलावली. हर्षू अर्धवट शुद्धीत तिला म्हणत होती, नको, बिल येईल... ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टेबल म्हटलं. आणि आमची हर्षू, जी रडत नाही, ती गेली.

शव यायला बरेच दिवस लागले. तोवर अक्का दारात बसून असायची, साड्यांचे गठ्ठे तसेच पडलेले. मुंबईहून आणलेली पेटी इथं उघडली तेव्हा हर्षूच्या अंगावर कुणाचा तरी अनोळखी पांढरा झगा होता, केस एका बाजूला चापून विंचरलेले, तिनं जन्मात कधी विंचरले नव्हते तसे. अक्कानं केस मोकळे करायला हात घातला, पण बायकांनी ओढून घेतलं. मग बारावं-तेरावं, गंधमुक्ती. नातेवाईक खानदेशातून आले, जेवले, आणि जेवून झाल्यावर बोलायला लागले. दाजींच्या बहिणीनं विचारलं, "पण गोया कोन्ही दिन्ह्यात?" सगळ्यांना माहीत होतं कुणी दिल्या ते. तरी प्रश्न विचारला गेला. अक्का सगळ्यांमागून ताट घेऊन भिंतीला टेकून बसली होती. दाजी उठले, तिच्यासमोर उभे राहिले. लग्नापासून त्यांनी तिला अगं-तुगंपलीकडं कधी वाईट शब्द बोललेला मी ऐकला नाही. ते म्हणाले, "तू डाक्टरीन व्हती ना? तूच मारं तिले." आणि ते परत आपल्या जागी जाऊन बसले. कुणी त्यांना थांबवलं नाही.  अक्काच्या हातात पोळीचा घास होता, तो तिनं ताटात ठेवला, आणि ताट उचलून आत गेली. त्या दिवसापासून दाजी तिच्याशी बोललेले नाहीत. भूक लागली की ताट वाजवतात.

एवढ्यानं भागलं असतं तर मी ते लिहिलंही नसतं कदाचित. त्यानंतर काही दिवसांनी हर्षूच्या कॉलेजातून एका बाईंचा फोन आला. इंग्रजीत बोलत होत्या, आम्हाला अर्धंमुर्धं कळत होतं, म्हणून कृपाला त्याच कॉलवर घेतलं. बाईंचा आवाज फार मऊ होता. खूप वेळ बोलल्या. मध्येच कृपा रडायला लागली. अक्का मोबाईलजवळ सरकली, विचारलं, "काय म्हणतायत?"  अक्कानं पुन्हा विचारलं. मग कृपा म्हणाली, "आंटी... फ्री था." दवाखान्याचा विमा फीमध्येच होता. पहिल्या दिवसापासून होता. एक नंबरही होता म्हणे, कुठल्याही वेळी फोन केला तर तिकडून नर्स विचारते, कुठं दुखतंय, कधीपासून, आणि लगेच सांगते, निघा. हर्षूला सांगितलं होतं, कृपालाही सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात एका मोठ्या हॉलमध्ये, शेकडो मुलांना एकदम, झोप न झालेल्या अवस्थेत. त्यातल्या कुणाच्याच ते डोक्यात राहिलं नाही. डोक्यात राहिलं ते इथून भरून दिलेलं. अक्का एकच गोष्ट विचारत राहिली, "म्हणजे आपण घेतलं होतं ते? आपण आधीच घेतलं होतं?" हो अक्का, आपण घेतलं होतं. सगळ्या खरेदीत तेवढंच एक खरं घेतलं होतं, आणि ते घेतल्याचं आपल्याला ठाऊक नव्हतं.

बॅगा एका परत येणाऱ्या मुलाबरोबर आल्या. कृपानं सगळं घड्या करून भरलं होतं. त्या आल्याची बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. मागच्या गल्लीतल्या मंगलाबाईंचा मुलगा तिकडंच जायला निघाला आहे. त्या मुलाला घेऊन आल्या, अक्काजवळ बसल्या, पदरानं डोळे पुसले, आणि मग हळूच म्हणाल्या, "कुकर परत आला म्हणे... वापरणार नसाल तर... नवीन तरी किती गोष्टी घ्यायच्या माणसानं." मी तिथंच होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली, मी त्यांना हात धरून बाहेर काढणार होतो. अक्का म्हणाली, "बस सुनील." तिनं बॅग ओढून पुढ्यात घेतली आणि सगळं काढून दिलं. कुकर, पातेलं, पिन, अभ्रे. मंगलाबाई प्रत्येक वस्तू उलटसुलट करून बघत होत्या. कुकरची शिट्टी आहे का, तेही त्यांनी पाहिलं. बॅगेच्या तळाशी गोळ्यांच्या पिशव्या होत्या, अर्ध्या रिकाम्या झालेल्या. मंगलाबाईंचा हात तिकडं गेला, आणि अक्कानं तो धरला. सोडला नाही. त्यांच्या मुलाकडं बघून म्हणाली, "पोट दुखनं ते मायले फोन करू नको. दवाखानामा जाय." मुलगा गोंधळला, आईकडं बघायला लागला. अक्का म्हणाली, "तिच्याकडं नको बघू. तिला काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं." मंगलाबाईंनी हात सोडवून घेतला, कुकर काखेत मारला आणि निघून गेल्या. गल्लीत सांगत सुटल्या, की सुरेखाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

परिणाम झाला असेलही. आता ती दुपारी घरी थांबत नाही. दाजी सकाळची पाळी करून दुपारी येतात ते घर, आणि त्या घरात वाजणारं ताट, हे टाळून ती माझ्या दुकानात येते. कोपऱ्यात खाली चटईवर बसते. गिऱ्हाईक आलं, मोठी बॅग मागितली, आणि सोबत विशी-बाविशीतलं पोर असलं, की उठते. माझी बायको म्हणते, तिला येऊ देऊ नका, धंदा बसेल. धंदा थोडा बसलाही आहे. बातमी पसरते, लोक पुढच्या चौकातल्या दुकानात जातात. जे येतात, त्यांतलेही काही अर्ध्यातून उठून जातात. मी कुणाला अडवत नाही.

परवा लिंबायतहून एक मायलेक आल्या. मूळच्या विदर्भातल्या, मुलगी जर्मनीला निघालेली, गळ्यात हेडफोन, अंगात उत्साह मावत नव्हता. आईच्या हातात औषधांच्या दुकानाची फुगलेली पिशवी. अक्का उठली आणि मुलीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तिकडं पोटात दुखलं तर आईला फोन नको करू." आई चमकली. "असं काय बोलता हो बाई? पोर परदेशी चालली, जरा शुभ बोला."

"शुभच बोलतेय," अक्का म्हणाली.

मुलगी आईसारखी चिडली नाही. तिनं गळ्यातला हेडफोन काढला आणि विचारलं, "कुठं दुखलं तर, मावशी?" आजवर कुणीच हे विचारलं नव्हतं. अक्कानं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्याच पोटावर ठेवला. "आधी इथं दुखतं, बेंबीपाशी. वाटतं, गॅस झाला. मग असं खाली सरकतं... इथं. उजवीकडं." तिचं बोट तिथं थांबलं. "आणि मग एखाद वेळी एकदम थांबतं. बरं वाटतं. आईला बरं वाटतं." अक्काचा आवाज हळू झाला. "दुखायचं असं थांबलं ना, की अंगावर असतील त्या कपड्यांनी पळायचं."

मुलीनं मान हलवली.  तिची आई जरा बाजूला उभी होती, रागानं तोंड फिरवून. मी बघत होतो. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, पदराआडून हात आपल्या पोटावर नेला, आणि अक्कानं दाखवलेली जागा बोटांनी चाचपून शोधायला लागली.